दीर्घ पल्ल्याचे सागरी जलतरण

दीर्घ पल्ल्याचे सागरी जलतरण : समुद्र, खाडी, सामुद्रधुनी, मोठे सरोवर किंवा नदी यांसारख्या खुल्या जलाशयात कोठेही आधार न घेता १० किमी. किंवा त्याहून अधिक अंतर पोहून जाण्याचा साहसी क्रीडाप्रकार. यास ‘मॅरेथॉन जलतरण’ असेही म्हणतात. तरणतलावातील शर्यतीत पाणी स्थिर, तपमान ठरावीक आणि अंतर काटेकोर मोजलेले असते. खुल्या समुद्रात यांपैकी कशाचीच शाश्वती नसते. नकाशावर सरळ रेषेत ३४ किमी. भरणारी इंग्लिश खाडी भरती-ओहोटीच्या प्रवाहांमुळे जलतरणपटूला कित्येकदा ५० किमी.पेक्षाही अधिक अंतर पोहावयास लावते.

या खेळाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. पराक्रमाची नोंद एकाच व्यक्तीच्या नावावर होते, परंतु तो पराक्रम अनेकांच्या साहाय्याशिवाय घडत नाही. सोबतच्या नौकेचा तांडेल, नियमपालनाची नोंद घेणारा निरीक्षक, ठरावीक वेळाने अन्नपाणी देणारा साहाय्यक, प्रशिक्षक व खर्चाचा भार उचलणारे हितचिंतक यांच्याबरोबरच, मार्ग दाखविणाऱ्या पूर्वसूरींचाही त्यात वाटा असतो. त्यामुळे औदार्य हा या खेळाच्या घडणीचाच एक भाग मानावा लागतो. भारतीय उपखंडातील सागरी जलतरणाच्या आरंभकाळाचा, विशेषतः ब्रजेन दास या जलतरणपटूच्या कार्याचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

इतिहास : इंग्रज कवी लॉर्ड बायरन याने ३ मे १८१० रोजी दार्दानेल्सची सामुद्रधुनी पोहून पार केली. ही घटना आधुनिक खुल्या पाण्यातील जलतरणाचा आरंभ मानली जाते. तथापि या खेळाला खरी प्रतिष्ठा मिळाली ती कॅप्टन मॅथ्यू वेब याच्यामुळे. त्याने २४-२५ ऑगस्ट १८७५ रोजी डोव्हर ते कॅले हे अंतर २१ तास ४५ मिनिटांत पोहून इंग्लिश खाडी प्रथम पार केली. सर्व अंतर तो छातीवरील पोहण्याच्या पद्धतीने पोहला. पुढे १८८३ मध्ये नायगारा धबधब्याखालील खळाळ पोहून जाण्याच्या प्रयत्नात त्याचा अंत झाला. अमेरिकेची गरट्रूड एडर्ली ही ६ ऑगस्ट १९२६ रोजी ही खाडी पार करणारी पहिली महिला ठरली. तिने तोवरच्या सर्व पुरुषांपेक्षा कमी वेळ घेतला, त्यामुळे स्त्रियांच्या शारीरिक क्षमतेविषयीच्या अनेक रूढ समजुतींना धक्का बसला. अशा पोहण्यांची रीतसर नोंद ठेवण्यासाठी १९२७ मध्ये चॅनेल स्विमिंग असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. १९५० नंतरच्या दशकात बिली बटलिन या उद्योजकाच्या आश्रयाने इंग्लिश खाडीत आंतरराष्ट्रीय शर्यती भरविण्यात येऊ लागल्या. दक्षिण आशियातील जलतरणपटूंना या क्षेत्रात प्रवेश मिळाला, तो मुख्यतः या शर्यतींमुळे. १० किमी.ची मॅरेथॉन शर्यत २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकपासून ऑलिंपिक सामन्यांत समाविष्ट झाली.

नियम व तंत्र : पारंपरिक नियमांनुसार जलतरणपटूला साधा पोहण्याचा पोशाख, एक टोपी व चष्मा एवढेच वापरता येते. शरीर उबदार ठेवणारा किंवा तरंगण्यास मदत करणारा पोशाख चालत नाही. पोहण्यास कोरड्या किनाऱ्यावरून प्रारंभ करून पलीकडच्या किनाऱ्यावर पाण्याबाहेर यावे लागते. मधल्या काळात नौकेला किंवा कोणत्याही व्यक्तीला आधारासाठी स्पर्श करता येत नाही. तसे झाल्यास प्रयत्न बाद ठरतो. अन्नपाणी लांब काठीच्या टोकाला अडकवून किंवा दोरी बांधलेल्या बाटलीतून दिले जाते आणि जलतरणपटू पाणी तुडवीत ते घेतो. अन्न बहुधा द्रवरूप, कोमट व साखरयुक्त असते. मान, काखा व मांड्या येथे खारे पाणी आणि घर्षण यांमुळे कातडी सोलवटते. ते टाळण्यासाठी लोकरमेण किंवा तत्सम स्निग्ध पदार्थ चोळतात.

प्रवाहांचे ज्ञान या खेळात बाहुबळाइतकेच महत्त्वाचे असते. इंग्लिश खाडीत सु. सहा तासांनी प्रवाहाची दिशा पालटते. त्यामुळे जलतरणपटूचा प्रत्यक्ष मार्ग सरळ न राहता नागमोडी होतो. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास येणाऱ्या उधाणाच्या भरतीत प्रवाह प्रबळ असतात. अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या भांगाच्या भरतीत ते मंद असतात. म्हणून असे प्रयत्न बहुधा भांगाच्या दिवसांत योजतात. किनारा जवळ आला असता प्रवाह फिरल्यास जलतरणपटू तासन्‌तास हात मारूनही जागच्या जागीच राहतो. पोहण्यास कोणत्या घटकेला प्रारंभ करावा हा निर्णय तांडेलाचा असतो व त्यावर यशापयश बव्हंशी अवलंबून असते.

शारीरिक संकटे : पाणी हे हवेच्या तुलनेत सु. २५ पट उष्णतावाहक असल्यामुळे शरीरातील उष्णता पाण्यात झपाट्याने निघून जाते. इंग्लिश खाडीचे पाणी उन्हाळ्यातही साधारणतः १५° ते १८° से. एवढेच असते. शरीराच्या अंतर्भागाचे तपमान ३५° से.च्या खाली गेल्यास अल्पोष्णतेची अवस्था येते. तीत हातांची गती मंदावते, बोलणे अडखळते व विचारशक्ती क्षीण होते. या अवस्थेतील जलतरणपटूला स्वतःच्या धोक्याची जाणीव राहत नाही. म्हणूनच नौकेवरील माणसे ठरावीक वेळाने त्याला साधे प्रश्न विचारतात आणि एका मिनिटात तो किती वेळा हात मारतो हे मोजतात. पोहणे थांबविण्याचा अंतिम अधिकार नौकेवरील जबाबदार व्यक्तींकडे ठेवण्याचे कारणही हेच आहे. याशिवाय जेलीफिशचे दंश, खाऱ्या पाण्याने जीभ व घसा सुजणे, ओकाऱ्या, धुके, रात्रीचा अंधार आणि जहाजांची वर्दळ ही संकटे असतातच. अमेरिकेची विख्यात जलतरणपटू फ्लॉरेन्स चॅडविक हिला १९५२ मध्ये कॅटलिना खाडीत दाट धुक्यामुळे किनारा दिसेनासा झाला आणि तो जवळ आला असताना प्रयत्न सोडावा लागला. दोन महिन्यांनी तिने तीच खाडी यशस्वीपणे पार केली.

ब्रजेन दास : (९ डिसेंबर १९२७ – १ जून १९९८). भारतीय उपखंडातून इंग्लिश खाडी पार करणारा पहिला जलतरणपटू. जन्म आजच्या बांगला देशातील विक्रमपूर भागात कुचियामोडा या गावी. बालपणी तो बुडीगंगा नदीत पोहण्यास शिकला. त्याचे महाविद्यालयीन शिक्षण कलकत्त्यास झाले. फाळणीनंतर तो तत्कालीन पूर्व पाकिस्तानचा नागरिक झाला आणि कमी पल्ल्याच्या शर्यतींत त्याने तेथे अजिंक्यपदे मिळविली. त्याच्या देशात सागरी जलतरणाची परंपरा किंवा त्यातील जाणते प्रशिक्षक नव्हते. तेव्हा नारायणगंज ते चांदपूर यांसारखे नद्यांतील लांब पल्ले पोहून त्याने स्वतःची तयारी केली. ऑगस्ट १९५८ मधील बटलिन शर्यतीत त्याने खाडी पार केली. १९५८ ते १९६१ या काळात त्याने ती एकूण सहा वेळा पार केली. १९६१ मध्ये फ्रान्स ते इंग्लंड हे अंतर १० तास ३५ मिनिटांत पोहून त्याने तत्कालीन विक्रम प्रस्थापित केला.

या यशाइतकीच त्याची एक कृती स्मरणीय ठरली. १९५८ च्या यशाबद्दल कलकत्त्याच्या आरती साहा या तरुण जलतरणपटूने त्याचे अभिनंदन केले. आरतीच्या ठिकाणी असलेली क्षमता ओळखून त्याने पुढील वर्षीच्या शर्यतीसाठी तिचे नाव संयोजकांना आपण होऊन सुचविले व त्यांनी ते स्वीकारले. ही शिफारस करताना दास हा एका देशाचा व आरती दुसऱ्या देशाची नागरिक होती आणि त्या दोन देशांचे संबंध सलोख्याचे नव्हते. तिच्या यशाचे श्रेय त्याच्या देशास मिळणार नव्हते; त्याला स्वतःलाही त्यात कोणताच लाभ नव्हता. ज्या शर्यतीत आपण नुकतेच नाव मिळविले, तिचे दार दुसऱ्यासाठी उघडून देण्याची ही वृत्ती स्पर्धात्मक क्रीडाक्षेत्रात विरळाच आढळते. दास कलकत्त्यास निवर्तला. ज्या दोन बंगाली प्रदेशांमधून सरहद्द गेली, त्या दोन्हींत त्याची स्मृती आदराने जतन केली जाते.

आरती साहा : (२४ सप्टेंबर १९४० – २३ ऑगस्ट १९९४). हिचे जलतरणाचे शिक्षण कलकत्त्याच्या हाटखोला स्विमिंग क्लबमध्ये झाले. १९५१ च्या आशियाई सामन्यांत सुवर्णपदक मिळविणारे सचिन नाग यांचे तिला मार्गदर्शन लाभले. १९४८ मध्ये मुंबईत झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत तिने पदके मिळविली व वयाच्या अकराव्या वर्षी ती १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये सहभागी झाली. दासच्या शिफारशीने दार उघडले, तरी इंग्लंडला जाण्याचा खर्च तिच्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा होता. क्लबचे एक पदाधिकारी डॉ. अरुण गुप्त यांनी पुढाकार घेतला व तिच्या पोहण्याची प्रात्यक्षिके योजून निधी जमविण्यास आरंभ केला. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनीही अर्थसाहाय्य मिळवून दिले.

२७ ऑगस्ट १९५९ रोजी झालेल्या शर्यतीत तिची नौका वेळेवर पोहोचली नाही. त्यामुळे तिला ४० मिनिटे उशिरा प्रारंभ करावा लागला व अनुकूल प्रवाहाची वेळ टळली. इंग्लंडचा किनारा सु. ८ किमी.वर असताना विरुद्ध प्रवाह लागला आणि तिला पाण्याबाहेर यावे लागले. कित्येक महिन्यांची तयारी दुसऱ्या कोणाच्या तरी चाळीस मिनिटांवर कशी अवलंबून असते, याचे हे बोलके उदाहरण होय. तिने माघार घेतली नाही. २९ सप्टेंबर १९५९ रोजी फ्रान्समधील केप ग्री-ने येथून निघून १६ तास २० मिनिटांनी ती इंग्लंडमधील सँडगेट येथे पोहोचली. इंग्लिश खाडी पार करणारी ती पहिली आशियाई महिला होय. १९६० मध्ये तिला ‘पद्मश्री’ हा किताब मिळाला. भारतीय डाक खात्याने १९९९ मध्ये तिच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

मिहिर सेन : (१६ नोव्हेंबर १९३० – ११ जून १९९७). इंग्लिश खाडी पार करणारा पहिला भारतीय. पुरुलिया येथे जन्मलेला सेन ओरिसातून कायद्याच्या अभ्यासासाठी १९५० मध्ये इंग्लंडला गेला. त्या प्रवासास बिजू पटनाईक यांचे साहाय्य झाले. तेथे फ्लॉरेन्स चॅडविकच्या पराक्रमाविषयी वाचून त्याला या खेळाची ओढ लागली. काही अपयशी प्रयत्नांनंतर त्याने २७ सप्टेंबर १९५८ रोजी १४ तास ४५ मिनिटांत खाडी पार केली. आरती साहा हिला त्यानेही प्रोत्साहन दिले होते. १९६६ या एकाच वर्षात त्याने पाल्क, जिब्राल्टर, दार्दानेल्स व बॉस्पोरस या सामुद्रधुनी आणि पनामा कालवा एवढे पाच पल्ले पोहून पार केले. श्रीलंका व भारत यांमधील पाल्कची सामुद्रधुनी पार करण्यास त्याला २५ तास ३६ मिनिटे लागली. त्या वेळी भारतीय नौदलाच्या ‘सुकन्या’ व ‘शारदा’ या नौका त्याच्या सोबतीस होत्या. त्याला १९५९ मध्ये ‘पद्मश्री’ व १९६७ मध्ये ‘पद्मभूषण’ हे किताब मिळाले. त्याच्या आयुष्याचा उत्तरकाळ आर्थिक विपन्नतेत व आजारपणात गेला. ज्या खेळात बक्षिसाची रक्कम नगण्य असते, त्यातील पराक्रम वृद्धापकाळी उपजीविकेस फारसा उपयोगी पडत नाही, हे वास्तव त्यातून दिसून येते.

महाराष्ट्रातील परंपरा : महाराष्ट्रात हा खेळ प्रामुख्याने मुंबई बंदराच्या परिसरात वाढला. धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हा सु. ३६ किमी.चा पल्ला येथील जलतरणपटूंची कसोटी मानला जातो. धरमतरच्या खाडीतून बाहेर पडताना ओहोटीचा लाभ मिळतो, परंतु बंदराच्या तोंडाशी प्रवाहांची दिशा व जहाजांची ये-जा यांचा विचार करावा लागतो. येथील पाणी कोमट असल्याने इंग्लिश खाडीसाठी लागणारी थंडीची सवय मात्र वेगळी करावी लागते. घारापुरी ते गेटवे हा त्याहून लहान पल्ला नवोदितांसाठी प्रचलित आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण येथील सागरी स्पर्धांनाही राज्यभरातून जलतरणपटू येतात.

मुंबईचे तारानाथ शेणॉय यांनी १९८० नंतरच्या दशकात इंग्लिश खाडी तीन वेळा पार केली. ते जन्मतः मूकबधिर असून त्यांची दृष्टीही अधू होती. नौकेवरील शिट्टी किंवा हाक ऐकू न येणाऱ्या जलतरणपटूला मार्ग दाखविण्यासाठी सर्व इशारे दृश्य स्वरूपात, जवळून आणि अखंड द्यावे लागतात. सोबत्यांना क्षणभरही दुर्लक्ष करून चालत नाही. शेणॉय यांना ‘पद्मश्री’ किताबाने गौरविण्यात आले. मुंबईच्या रूपाली रेपाळे यांनी १९९४ मध्ये शाळकरी वयातच इंग्लिश खाडी पार केली. पुढे या खाडीसाठी किमान वय १६ वर्षे ठरविण्यात आले. पुण्याचे रोहन मोरे हे जगातील सात अवघड सामुद्रधुनींचा ‘ओशन्स सेव्हन’ हा संच २०१८ मध्ये पूर्ण करणारे पहिले आशियाई जलतरणपटू होत. इंग्लिश खाडी, नॉर्थ चॅनेल, जिब्राल्टर, कॅटलिना, मोलोकाई, त्सुगारू व कुक या त्या सात सामुद्रधुनी होत. मुंबईचे प्रभात कोळी यांनी हाच संच २०२३ मध्ये पूर्ण केला. स्वमग्नता असलेल्या मुंबईच्या जिया राय हिने २०२२ मध्ये पाल्कची सामुद्रधुनी व २०२४ मध्ये इंग्लिश खाडी पार केली.

अंतर्भागातील जिल्हे व सागरी जलतरण : या खेळाची वाट समुद्रकिनारी जन्मलेल्यांपुरती मर्यादित नाही. दास हा नदीत पोहावयास शिकला होता, ही गोष्ट या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्याला समुद्रकिनारा नाही. पर्जन्यछायेतील या जिल्ह्यात पोहणे शिकण्याची परंपरागत जागा म्हणजे विहीर. पाठीला सुक्या भोपळ्यांची सांगड, पांगाऱ्याचे हलके लाकूड किंवा रिकामा डबा बांधून मुलाला पाण्यात सोडावयाचे व हात-पाय सरावले की तो आधार काढून घ्यावयाचा, ही जुनी पद्धत होय. घरातील किंवा शेजारचा जाणता माणूस हे काम मोबदला न घेता करीत असे. सूर मारणे, मुटका मारणे, पाणी तुडविणे ही कौशल्ये अशीच पिढ्यान्‌पिढ्या हस्तांतरित झाली. यांपैकी पाणी तुडविण्याचे कौशल्य सागरी जलतरणपटूला अन्नपाणी घेताना प्रत्यक्ष उपयोगी पडते.

अकोले तालुक्यातील प्रवरा नदीवरील भंडारदरा धरण (१९२६) व राहुरी तालुक्यातील मुळा धरण यांमुळे जिल्ह्यात विस्तीर्ण जलाशय निर्माण झाले. लांब पल्ल्याची दमसास अशा पाण्यात कमावता येते. परंतु भरती-ओहोटी, लाटा व खारेपणा यांची सवय तेथे होत नाही. त्यासाठी किनाऱ्यावर जाऊन तेथील जाणकारांच्या हाताखालीच सराव करावा लागतो. धरणाच्या जलाशयात एकट्याने पोहणे अत्यंत धोक्याचे असते. पाण्याखालील बुडालेली झाडे, गाळ, दरवाजांजवळचा ओढा व खोलीबरोबर एकाएकी गार होणारे पाणी यांमुळे पट्टीचे पोहणारेही दगावतात. सक्षम अधिकाऱ्यांची परवानगी, सोबत नौका व काठावर जाणता माणूस असल्याखेरीज असा सराव करू नये.

अंतर्भागातील होतकरू जलतरणपटूपुढील मुख्य अडचण पाण्याच्या अभावाची नसून परिचयाच्या व पैशाच्या अभावाची असते. नौकेचे भाडे, निरीक्षकाचे शुल्क, परदेशातील दीर्घ मुक्काम व अनुकूल हवामानाची प्रतीक्षा यांचा खर्च सामान्य कुटुंबास पेलत नाही. कोणत्या संस्थेकडे अर्ज करावा, कोणता तांडेल विश्वासू, किती महिने आधी तारीख निश्चित करावी, ही माहितीही आधी जाऊन आलेल्यांकडूनच मिळते. आरती साहाच्या बाबतीत ब्रजेन दासची शिफारस, डॉ. गुप्त यांची खटपट व शासनाचे साहाय्य या तीन गोष्टी एकत्र आल्या. त्यांपैकी एक जरी उणी पडली असती, तरी तिचा प्रयत्न कलकत्त्यातच संपला असता. नोंदवहीत तिच्या नावापुढे १६ तास २० मिनिटे हा काळ आढळतो. दासच्या शिफारशीची नोंद ठेवण्यास त्या वहीत रकाना नाही.